‘दाव्यास कारण वेळोवेळी घडले’: ग्रामपंचायतीविरुद्धच्या सदोष दाव्यांविषयी

म्हसावदहून शहाद्याच्या दिवाणी न्यायालयात जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत बहुधा तेच ते कागद असतात. नमुना नंबर आठचा उतारा, घरपट्टीच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या, कुणा वडीलधाऱ्याच्या नावाची जुनी खरेदी आणि सर्वांत वर ग्रामपंचायतीकडून आलेली ‘सात दिवसांत अतिक्रमण काढून घ्यावे’ अशी नोटीस. हे कागद वकिलांच्या टेबलावर जातात आणि चार-सहा पानांचे वादपत्र होऊन बाहेर येतात. त्या वादपत्रालाच आपण बोलताना ‘दावा’ म्हणतो.

भांडण गावात सगळ्यांना माहीत असते. ओटा कधी बांधला, रस्ता किती फूट होता, कोणत्या निवडणुकीनंतर नोटीस आली, हे पारावर बसणारा कुणीही सांगेल. न्यायाधीशाला मात्र यातले काहीही माहीत नसते आणि माहीत असूनही चालत नाही. त्याच्यापुढे जे येते ते त्या चार-सहा पानांतून. ती पाने सदोष असतील तर काय होते, तो दोष कुणी, केव्हा आणि कशासाठी दाखवावा, हा या लेखाचा विषय आहे. मी वकील नाही. वादपत्रे आणि निकाल वाचण्याची सवय लागली, त्यातून हे समजत गेले. समजले ते थोडक्यात असे की, दोष दाखवण्याचा हक्क ग्रामपंचायतीला आहे, पण ज्या नियमाने ती वादीचा कागद तपासते त्याच नियमाने तिचाही कागद तपासला जातो.

वादपत्रात काय असावे लागते

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ची आहे. तिचा सहावा आदेश वादपत्र आणि कैफियत या दोन्हींना लागू होतो. त्यातल्या दुसऱ्या नियमाचे सार एका वाक्यात सांगता येते: महत्त्वाच्या घटना सांगा, त्यांचा पुरावा आत्ताच मांडू नका आणि थोडक्यात सांगा. चौथा नियम म्हणतो, लबाडी, फसवणूक, दबाव असे आरोप करायचे असतील तर तपशील आणि तारखा द्या. पंधराव्या नियमाप्रमाणे मजकुराची सत्यता नोंदवावी लागते आणि २००२ पासून सोबत प्रतिज्ञापत्रही लागते. सातव्या आदेशाचा तिसरा नियम जमिनीच्या वादासाठी आहे: मिळकत ओळखू येईल असे वर्णन, म्हणजे चतुःसीमा किंवा भूमापन क्रमांक, दिलाच पाहिजे.

या नियमांमागे साधा विचार आहे. ज्याच्यावर दावा केला त्याला आपण कशाचे उत्तर द्यायचे आहे हे कळले पाहिजे. ‘प्रतिवादी वादीस विनाकारण त्रास देत आहेत’ या वाक्याला काय उत्तर देणार? कोणता त्रास, कोणत्या दिवशी, कोणत्या जागेवर, हे कळल्याशिवाय प्रतिवादी आपली बाजू मांडू शकत नाही आणि न्यायाधीश मुद्दे काढू शकत नाही. मुद्दे धूसर निघाले की पुरावा पसरट होतो, आणि तारखांमागून तारखा पडत राहतात.

मालेगावची नोटीस

सरकारी यंत्रणेविरुद्धच्या दाव्यात एक दोष जुना आणि वारंवार आढळणारा आहे: आधी नोटीस न देणे. त्याचा इतिहास आपल्या शेजारच्या मालेगावातून जातो.

१९२१ साली मालेगावात दंगल झाली. त्यानंतर सरकारने जादा पोलीस आणि नुकसानभरपाई यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याचे ठरवले. त्याविरुद्ध भागचंद दगडूसा आणि इतर न्यायालयात गेले व वसुलीला मनाई मागितली. संहितेच्या कलम ८० प्रमाणे सरकारवर दावा करण्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. इथे दोन महिने पुरे होण्याआधीच दावा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या काही जुन्या निकालांत सवलतीचा एक विचार रुजला होता: भरून न निघणारे नुकसान डोक्यावर उभे असेल आणि मागणी मनाई हुकमाची असेल, तर नोटिशीसाठी थांबवू नये. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९२७ मध्ये तिथे ठरले की कलमाचे शब्द स्पष्ट आहेत, ते सर्व प्रकारच्या दाव्यांना लागू आहेत आणि मनाईचा दावा त्याला अपवाद नाही. मुंबईची सवलत संपली.

कायद्याने एक दार असे बंद केले की माणसे खिडकी शोधतात. मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात पुढे एक वहिवाट पडली. नोटीस न देताच दावा करायचा, अधिकारितेचा प्रश्न नंतर पाहू म्हणून अंतरिम मनाई मिळवायची, मनाई चालू असतानाच नोटीस द्यायची आणि मुदत भरली की पहिला दावा काढून घेऊन नवा दाखल करायचा. ही खिडकी बंद करण्यासाठी महाराष्ट्राने १९७० मध्ये संहितेत कलम ९-अ घातले आणि १९७७ मध्ये ते पुन्हा मांडले. अंतरिम मनाईच्या सुनावणीत अधिकारितेचा आक्षेप निघाला तर तो आधी निकाली काढावा, असे त्यात होते. हेतू चांगला होता. पण या प्राथमिक मुद्द्यावरच साक्षीपुरावे, त्यावर अपिले आणि पुनर्विलोकने असे चक्र सुरू झाले आणि मूळ भांडणाला हात लागेना. २०१८ मध्ये राज्याने ते कलम वगळले.

दरम्यान केंद्राने दुसरा उपाय केला होता. विधी आयोगाने कलम ८० काढूनच टाकावे असे सुचवले होते. तेवढे झाले नाही, पण १९७६च्या दुरुस्तीने त्यात दोन पोटकलमे आली. एकाने तातडीच्या दाव्यात न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा दाखल करण्याची सोय केली. मात्र सरकारला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय दाद मिळणार नाही. दुसऱ्याने सांगितले की वादीचे नाव, पत्ता, दाव्याचे कारण आणि मागणी नोटिशीत पुरेशी कळत असेल, तर तिच्यातल्या किरकोळ चुकीसाठी दावा फेटाळू नये. मालेगावकरांना जी सवलत नाकारली गेली, ती जवळपास अर्ध्या शतकाने अटींसह कायद्यात आली.

ग्रामपंचायतीची नोटीस वेगळी

इथे पुष्कळांची गफलत होते. कलम ८० हे सरकार आणि सरकारी अधिकारी यांच्यासाठी आहे. ग्रामपंचायत म्हणजे सरकार नव्हे. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ९ तिला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व देते: तिच्या नावाने दावा करता येतो आणि तिच्यावरही तिच्याच नावाने करावा लागतो. तिच्यासाठीची नोटीस त्याच अधिनियमाच्या कलम १८० मध्ये आहे. अधिनियमाखाली केलेल्या किंवा केले असे मानलेल्या कृत्याबद्दल दावा असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत आणावा लागतो. नगरपरिषदेसाठी अशीच तरतूद १९६५च्या अधिनियमाच्या कलम ३०४ मध्ये आहे.

म्हणजे एकाच दाव्यात दोन घड्याळे चालू शकतात. ग्रामपंचायतीपुरता एक महिना. त्याच दाव्यात तहसीलदारांच्या अधिकृत कृत्यालाही आव्हान असेल तर त्यांच्यापुरते दोन महिने. शिवाय सहा महिन्यांची मुदत डोक्यावर. १९६३च्या मुदतीच्या कायद्याचे कलम १५ नोटिशीचा काळ मुदतीतून वगळू देते, हा त्यातला दिलासा. पण कलम ८०ची तातडीची सवलत ही कलम ८० पुरतीच लिहिलेली आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

एक कल्पित दावा

आता म्हसावदसारख्या एखाद्या गावातला कल्पित दावा घेऊ. ग्रामपंचायतीने अधिनियमाच्या कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण काढण्याची नोटीस दिली. घरमालक म्हणतो, ओटा माझ्या जागेत आहे. त्याचे वादपत्र असे:

‘वादी हा कायम रहिवासी असून दावा मिळकत त्याची वडिलोपार्जित आहे. प्रतिवादी सरपंच हे गावगुंडांना हाताशी धरून, राजकीय आकसापोटी व लबाडीने खोटा ठराव करून वादीस त्रास देत आहेत. दाव्यास कारण वेळोवेळी घडले. सबब निरंतर मनाई हुकूम व्हावा.’

चारच वाक्ये, पण दोष मोजायला एक हात पुरत नाही. मिळकतीची चतुःसीमा नाही. ठरावाची आणि नोटिशीची तारीख नाही, त्यामुळे सहा महिने केव्हापासून मोजायचे ते कळत नाही. लबाडीचा आरोप आहे, तपशील नाही. ‘गावगुंड’ हा शब्द दाव्याला काही मदत करत नाही, फक्त बदनामी करतो. प्रतिवादी म्हणून सरपंचाचे वैयक्तिक नाव आहे, ग्रामपंचायत नाही. उद्या सरपंच बदलला तर हुकूम कुणावर? कलम १८०च्या नोटिशीचा उल्लेख नाही. आणि रस्ता ग्रामपंचायतीचा की जागा वादीची, असा मालकीचाच वाद असताना मालकी ठरवून मागितलेली नाही, फक्त मनाई मागितली आहे.

ग्रामपंचायतीच्या वकिलाला हे वाचून आनंद होईल. पण सगळे दोष एका जातीचे नाहीत. त्यांचे तीन गट पडतात आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे.

पहिला गट खोडून टाकण्याच्या मजकुराचा. अनावश्यक, बदनामीकारक, निष्पक्ष सुनावणीत अडथळा आणणारा मजकूर आदेश ६, नियम १६ खाली काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. ‘गावगुंड’ जाईल, दावा राहील.

दुसरा गट दुरुस्त होणाऱ्या उणिवांचा. चतुःसीमा, तारखा, राहिलेली मागणी, कमी भरलेली कोर्ट फी, सत्यतेच्या नोंदीतली चूक, चुकीचा प्रतिवादी. यातल्या बहुतेकांसाठी आदेश ६, नियम १७चा दुरुस्ती अर्ज आहे. साक्षीपुरावा सुरू झाल्यावर मात्र आधी का केली नाही याचे समाधानकारक कारण द्यावे लागते. ग्रामपंचायतीला पक्षकार करायचे तर आदेश १, नियम १० आहे. पण नवा प्रतिवादी ज्या दिवशी जोडला जातो, त्याच्यापुरता दावा साधारणपणे त्याच दिवशी दाखल झाला असे धरतात. सहा महिन्यांच्या मुदतीत ही बाब जीवघेणी ठरू शकते. कोर्ट फीबाबत न्यायालय आधी मुदत देते, लगेच दावा नाकारत नाही. पूर्वी प्रतिवादीला अधिक तपशील मागण्यासाठी आदेश ६मध्ये नियम ५ होता. तो २००२ मध्ये वगळला गेला. तपशील काढून घ्यायचा तर आदेश ११ खालची लेखी प्रश्नावली उरते. तिचा वापर मोफसलमध्ये अधिक व्हायला हवा, असे मला वाटते.

तिसरा गट मुळावर येणाऱ्या दोषांचा. वादपत्र जसेच्या तसे खरे मानले तरी दाव्याचे कारणच दिसत नसेल, किंवा त्यातल्याच मजकुरावरून दावा कायद्याने प्रतिबंधित दिसत असेल, तर आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र नामंजूर होऊ शकते. चतुर लेखणीने कारणाचा आभास उभा केला असेल तर असा दावा अंकुरातच खुडावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या अरिवंदंदम प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांच्या शब्दांत सांगितले.

पण या तिसऱ्या हत्याराला मर्यादा आहेत, आणि ग्रामपंचायती बहुधा त्याच विसरतात. सलीमभाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा अर्ज ठरवताना फक्त वादपत्र पाहायचे, प्रतिवादीची कैफियत पाहायची नाही. ‘जागा रस्त्याचीच आहे’ हा ग्रामपंचायतीचा बचाव कितीही खरा असो, तो पुराव्याचा विषय आहे; नियम ११च्या अर्जात त्याला जागा नाही. वादपत्राचा अर्धा भाग ठेवून अर्धा नामंजूर करता येत नाही, हे सेजल ग्लास प्रकरणात २०१७ मध्ये ठरले. नामंजुरी हा हुकूमनामा मानला जातो, म्हणून त्यावर अपील होते. आणि नियम १३ प्रमाणे मुदत शिल्लक असेल तर वादी त्याच कारणावर नवा दावा आणू शकतो. नोटिशीअभावी आज गेलेला दावा रीतसर नोटीस देऊन पुन्हा येऊ शकतो. मग ग्रामपंचायतीने मिळवले काय? मुदत उलटून गेली असेल तर सर्व काही, नसेल तर थोडे महिने.

नोटिशीच्या आक्षेपाची आणखी एक बाजू आहे. नोटीस संस्थेच्या हितासाठी असते, म्हणून तो आक्षेप संस्था सोडूनही देऊ शकते. कलम ८० बाबत प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्ये वेल्लयन चेट्टियार प्रकरणात हे मान्य केले. तेव्हा आक्षेप घ्यायचाच असेल तर पहिल्याच संधीला आणि नेमका घ्यावा. वर्षानुवर्षे दावा लढवून शेवटच्या युक्तिवादात ‘नोटीस नव्हती’ म्हणणे उशिराचे ठरते.

कैफियतीचा दोष

आता पान उलटू. ग्रामपंचायतीच्या कैफियतीत हमखास आढळणारे वाक्य असे: ‘वादपत्रातील सर्व मजकूर खोटा व खोडसाळ असून या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ हे वाक्य आदेश ८ला पुरत नाही. त्याच्या नियम ३ ते ५ प्रमाणे प्रत्येक घटना नेमकेपणाने नाकारावी लागते. मोघम किंवा वळसे घेतलेला नकार कबुली ठरू शकतो. कित्येकदा या एका वाक्यात वादीचा घर क्रमांकसुद्धा नाकारला जातो, जो ग्रामपंचायतीच्याच नमुना आठमध्ये तिच्याच हाताने लिहिलेला असतो. ज्याची घरपट्टी आपण घेतली त्याचे घरच नाही असे म्हणणारी कैफियत न्यायाधीशाच्या मनात पहिल्या पानावरच संशय निर्माण करते.

मुंबईच्या बदात आणि कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये या नियमांचा एकत्रित अर्थ लावला. तिथे एक भेद केला आहे, तो आपल्यासाठी मोलाचा आहे. मोफसल न्यायालयांतली कागदपत्रे तितक्या काटेकोरपणे लिहिलेली नसतात, म्हणून न्याय करताना नियमाची धार थोडी बोथट करावी लागते. पण उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेपुढे तयार वकिलांनी लिहिलेल्या कैफियतीला ही सवलत सहज मिळणार नाही, आणि जाणूनबुजून मोघम नकार देणाऱ्याला तर मिळूच नये. मदनगोपाल कनोडिया प्रकरणातही हाच सूर आहे: सैल लिहिलेल्या कागदाची इतकी कीस काढू नये की क्षुल्लक कारणाने खरा हक्क बुडावा.

ही सवलत कुणासाठी आहे? शहाद्याच्या न्यायालयात ती ओटेवाल्या वादीलाही आहे आणि ग्रामपंचायतीलाही. पण दोघांची स्थिती सारखी नाही. ग्रामपंचायतीकडे ठरावबुक आहे, आवक-जावक नोंद आहे, मोजणी मागवण्याचा अधिकार आहे, आणि वकिलाची फी ग्रामनिधीतून जाते. त्या निधीत वादीचीही घरपट्टी असते. ज्याच्याजवळ दप्तर आहे त्याने मोघम बोलणे हा गरिबाच्या मोघम बोलण्यापेक्षा मोठा दोष आहे.

याचा अर्थ आक्षेप घेऊ नयेत असा नाही. सदोष दाव्यावर निशाणी ५ खाली मिळालेली मनाई गावाचा रस्ता, गटार किंवा पाण्याची टाकी वर्षानुवर्षे अडवून ठेवू शकते, आणि त्याची किंमत दाव्यात नाव नसलेली सगळी घरे मोजतात. म्हणून ग्रामपंचायतीने क्रम पाळावा. समन्स आल्यावर वादपत्र एकटेच वाचावे, आपली बाजू बाजूला ठेवून. दोष तीन गटांत लावावेत. मुळावर येणारा दोष खरोखर असेल तरच नियम ११चा अर्ज द्यावा, आणि त्याच्या भरवशावर कैफियत थांबवू नये. कैफियतीची मुदत ३० दिवसांची, ती न्यायालय ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. हुकलेली मुदत परत मिळवण्याची युक्ती म्हणून नियम ११ वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आर. के. रोजा प्रकरणात बजावले आहे. कैफियतीवर सही करणाऱ्याला मासिक सभेच्या ठरावाने अधिकार द्यावा. दप्तरात आहे ते कबूल करावे, नाही तेवढेच नाकारावे.

नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले विव्हियन बोस सर्वोच्च न्यायालयात असताना, १९५५च्या संग्रामसिंह प्रकरणात त्यांनी प्रक्रियेच्या कायद्याविषयी लिहिले की तो न्याय सुकर करण्यासाठी आहे. तो शिक्षेचा कायदा नाही आणि लोकांना पाय अडकवून पाडण्यासाठीही नाही. हे वाक्य वकील वादीच्या बाजूने वाचतात. ते ग्रामपंचायतीच्या सभागृहातही वाचायला हवे.

आपल्या कल्पित दाव्यातल्या ओटेवाल्याचे काय होईल? आक्षेप नीट घेतला गेला तर त्याला चतुःसीमा लिहावी लागेल, तारीख सांगावी लागेल, ग्रामपंचायतीला पक्षकार करावे लागेल. उत्तरात ग्रामपंचायतीला रस्त्याची रुंदी आणि तिचा आधार सांगावा लागेल. मग मोजणी होईल, आणि ओटा दोन फूट रस्त्यात आहे की नाही, एवढाच प्रश्न उरेल. गावात तो पहिल्या दिवसापासून हाच होता. ‘दाव्यास कारण वेळोवेळी घडले’ या वाक्यात तो हरवला होता, आणि ‘सर्व मजकूर खोटा’ या वाक्यातही.